गळ्यापर्यंत पाचोळा

"वर घाल अजून. गळ्यापर्यंत घाल," नवरा पाठीमागून म्हणाला, तशी माळीणबाईने मान न वळवताच उत्तर दिलं, "घालतेय हो. दम धरा जरा."

नवऱ्याला जाऊन वर्ष उलटलं होतं. दवाखान्याच्या आवारातली बाग तो बघायचा. तो गेल्यावर ते काम हिच्याकडे आलं, आणि कामाबरोबर तोही आला म्हणायचा. घरात कधीच नाही, फक्त बदामाच्या झाडांच्या रांगेत. खुरपं वाकडं धरलं की खेकसायचा, पाणी जास्त झालं की करवादायचा. जिवंतपणी तरी वेगळं काय करायचा म्हणा! तिला त्याची भीती वाटत नव्हती. उलट सुट्टीचा दिवसच जिवावर यायचा.

एका कडक उन्हाळ्यात या रांगेतलं एक झाड वाळलं होतं, ते त्याच्या जिव्हारी लागलेलं. तेव्हापासून प्रत्येक बुंध्याला लागून पाचोळ्याचा ढीग रचायचा त्याने सपाटाच लावला. मुळं थंड राहावीत, एवढंच त्याच्या मनात. त्याच्यामागे तीही इमानेइतबारे रचत राहिली.

आता मात्र झाडांचे शेंडे सुकत चालले होते. झाडांची पाहणी करायला आलेल्या बाईंनी एका ढिगात हात घातला, तर ओली, काळी साल हातात आली.

"मावशी, साल कुजलीय. बुंध्याला वारा लागायला हवा. आणि ढिगात फुटलेली ही मुळं बघा, झाडालाच आवळतायत. ढीग काढा, नाहीतर अख्खी रांग हातची जाईल."

"ह्यांनी रचलेत ते."

"मायेनेच रचले असतील," बाई हळूच म्हणाल्या. "पण काढा."

पहिल्या झाडाशी ती मन घट्ट करून बसली. "उघडं पाडतेस त्याला?" नवरा कडाडला. "तुमचंच झाड वाचवतेय," म्हणत तिने आवळणारं मूळ छिन्नीने तोडलं. दुसऱ्या झाडाशी त्याचा आवाज फाटकापलीकडून आल्यासारखा वाटला. तिसऱ्याशी नुसती कुरकुर. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. एकेका ढिगाबरोबर तो चालला होता.

शेवटच्या झाडाला तिने हातच लावला नाही.

"आई, एवढा एकच ढीग का गं ठेवलायस?" डबा घेऊन आलेल्या लेकीने विचारलं.

"राहू दे गं एवढा."

रोज काम उरकलं की ती तिथे टेकायची. तो बोलायचा, पण तेच ते. बाकीच्या झाडांना कोवळी पालवी फुटली आणि या झाडाची पानं हिरवी असतानाच गळायला लागली.

"अहो, मरतंय हो हे," ती म्हणाली.

"वर घाल अजून."

तिला रडू आवरेना. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. जिवंत असता तर या झाडासाठी त्यानेच रात्रीचा दिवस केला असता.

शेवटचा ढीग तिने खुरप्याने नाही, हातांनी उपसला. कुजकी साल पुसली, आवळणारं मूळ तोडलं, मातीत पसरत गेलेली जाड मुळं मोकळी केली. मग बुंध्यापासून वीतभर जागा सोडून पाचोळा पातळ पसरला. मागे वळून कितीतरी वेळ थांबली. काय चुकलं, हे सांगणारं आता कुणी नव्हतं.