मुखरूनं उचललेला बोल

लोकशाही शिकवा, पण उदाहरणं आपली देऊ नका, असा नागपूरहून तोंडी हुकूम होता. आपले उमेदवार ओळखीचे असतात. त्यांच्याबद्दल बरं बोललं तरी कुणीतरी दुखावतं. म्हणून १९५२च्या दिवाळीनंतर चांदा जिल्ह्याच्या समाजशिक्षण संघटकानं, म्हणजे मी, गावोगाव अमेरिकेची निवडणूक समजावून सांगायची असं ठरवलं. अमेरिकेतून तक्रार घेऊन चांद्याला कोण येतंय!

कोसमटोला वडशापासून पूर्वेला आठ कोसांवर. तिन्ही बाजूंनी रान, चौथ्या बाजूला धानाच्या बांध्या. शाळा एका खोलीची, गुरुजी एकच, इसरू गुरुजी. सभा मी गावाबाहेरच्या मोहाखाली भरवली. सावली दाट होती आणि खाली ओळीनं दगड मांडलेले होते, बसायला सोयीचे. त्या दगडांवर कुणीच बसलं नाही. लाजत असतील, असं मी समजलो.

मासिकातून कापलेली दोन चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून बुंध्याला टेकवली. एक जनरल आयझेनहॉवर, दुसरे गव्हर्नर स्टीव्हन्सन. पाहुण्यांचा मान म्हणून दोघांनाही झेंडूचे हार घातले. कल्पना माझी. गुरुजी म्हणाले, "हार कशाले, साहेब?"

"असू द्या, शोभा येते."

पुढं रॉकेलचे दोन रिकामे डबे. एकावर खडूनं हत्ती काढला, दुसऱ्यावर गाढव. जनरलचा हत्ती, गव्हर्नरचं गाढव. त्यांच्या पक्षांच्या या खरोखरीच्या खुणा आहेत, पण हे कोसमटोल्यात शेवटपर्यंत कुणाला पटलं नाही. "गाढव दाखवून कोन मत मांगते जी?" असं गुणवंतराव पाटलांनी मला दोनदा विचारलं.

आधी मी तुलनात्मक तक्ता वाचला. कर, शेतमालाचे भाव, भ्रष्टाचार, वीस वर्षं चाललेलं एकाच पक्षाचं राज्य बदलावं की ठेवावं. एकूण अकरा कलमं होती. सातव्या कलमाला पाटील घोरू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की झाडीपट्टीत आपण तक्ता घेऊन आलो आहोत, हीच चूक. इथं माणसाला नाटक कळतं.

गावात मुखरू होता. पन्नाशीचा, बायको गेलेली, दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, सोंगाड्याचं काम करणारा. त्याच्या मयतीलाही लोक हसतील, असं गाव म्हणायचं. त्याला मी जनरल केलं आणि नागपूरच्या आठ दिवसांच्या शिळ्या पेपराची टोपी दुमडून डोक्यावर ठेवली. टोपीवर निळ्या पेन्सिलीनं हत्ती काढला. गव्हर्नरसाहेब मोठे वक्ते, पण हाताशी उरला होता कोलू, जो दिवसातून चार वाक्यं बोलायचा. चालवून घेतलं.

"मी सांगतो तसं म्हणायचं," मी मुखरूला समजावलं. "'ते म्हणतात' असं नको. 'मी' म्हणायचं."

मुखरूचं हसू जागच्या जागी राहिलं. "मी म्हणून बोलू?"

"हो."

"इथी? या झाडाखाली?"

"मग काय अमेरिकेत जाऊन?"

त्यानं पाटलांकडे पाहिलं. पाटील जागे झाले होते. त्यांनी चित्रांकडे पाहिलं, हारांकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. मुखरूनं पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. मागं बसलेल्या माणसांनीही काढल्या. बायांनी डोक्यावर पदर घेतले. अकरा कलमांना न मिळालेला आदर जनरलसाहेबांना मिळतोय, याचं मला कौतुक वाटलं.

"मी निवडून आलो," मुखरू म्हणाला, "तर मी सोता कोरियाले जाईन. तिथली लढाई कशी थांबते ते पाहीन."

मग कोलू. "मी खोटी आस दाखवनार नाई. लढाईचं मूळ कोरियात नाई, मॉस्कोत आहे. वाट लांब आहे. सोसल्याशिवाय काई भेटत नाई."

दोघांच्या प्रचाराचं सार याहून थोडक्यात मला आजही सांगता येणार नाही.

भर दुपार होती. इतका वेळ घुमणारे होले गप्प झाले होते. बायांतून रुखमा उठली. तिचा एकुलता एक मुलगा सुकलू फौजेत होता, आणि हिंदुस्थानातून कोरियाला डॉक्टरांची जी तुकडी गेली होती तिच्यात जखमी उचलायच्या कामावर होता. पोळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं. ती जनरलच्या चित्रासमोर आली, चिमूटभर तांदूळ ठेवले आणि मुखरूला म्हणाली, "भाऊ, आखीन एक डाव बोल."

तो पुन्हा बोलला.

"माह्या पोराले घरी धाडशीन?"

मुखरूनं माझ्याकडे पाहिलं. हे कलम तक्त्यात नव्हतं. पण श्रोते विषयात शिरले आहेत याचा मला आनंद झाला होता. मी मान डोलावली.

"धाडीन," मुखरू म्हणाला.

मतदान मोहाच्या बियांनी झालं. हत्तीच्या डब्यात त्रेसष्ट बिया, गाढवाच्या डब्यात एक.

मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मग म्हणालो, "झालं मुखरू, टोपी काढ."

त्यानं काढली नाही. पाटील मला बाजूला घेऊन गेले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागले. माणूस मरतो, साहेब, तेव्हा त्याचं कायना काय सांगायचं-करायचं राहून जाते. कोनाले देल्ला शब्द. दहाव्या दिवशी या झाडाखाली त्याच्या नावाचा दगड मांडतात, आणि एक जन त्याचा शब्द 'मी' म्हणून बोलते. त्याले बोल उचलनं म्हनतात. उचलला का तो त्याचा. पुरा होतवरी खाली ठेवता येत नाई.

आता मला दगड दिसले.

"अहो पाटील, पण हे दोघे जिवंत आहेत!"

"जित्या मानसाच्या फोटोले हार घालते का कोनी?"

"मी घातला तो मान म्हणून!"

"आनं जित्या मानसाचा बोल दुसरा काऊन बोलंल? त्याले तोंड नाई का?"

मी टोपी करून उरलेलं त्याच पेपराचं पान पुढं केलं. जनरलसाहेबांचं कोरियाचं भाषण त्यात छापलेलं होतं. पाटलांनी गुरुजींकडून तारीख वाचून घेतली. "आठ रोजापयले जिते होते," ते समजुतीनं म्हणाले, "हे आमी मानतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडशाला निघालो तर मुखरू बैलगाडीत आधीच बसला होता. बांधीतून सरळ आला होता, पायांवर ओला चिखल. डोक्यावर टोपी. मी त्याला वाटभर समजावलं. कोरिया समुद्रापलीकडं आहे, परवाना लागतो, जहाज लागतं, आणि मुळात तो धडा होता, धडा!

"हो जी," तो म्हणायचा. पुन्हा थोड्या वेळानं, "हो जी."

शेवटी मी चिडलो. "तुला जायची हौसच असेल तर वेगळं!"

"हौस?" तो पहिल्यांदा हसला. "गाढवाच्या डब्यात एकच बी होती न, साहेब? ते माही. मले नोता जायाचं. पन गाव काई आयकते का!"

बैलांची घुंगरं वाजत राहिली. मग तो म्हणाला, "सुकलू फौजेत गेला तवा म्या त्याले म्हनलं होतं, तू परत येशीन तवा वडशाच्या टेशनावर मी उभा राहीन. गावापावतर घेऊन येईन. तेवढा एक बोल माह्या सोताचा आहे. बाकी सारा उसना."

छोट्या रुळाची गाडी आली. तिकिटाच्या खिडकीशी तो गेलाच नाही. मला वाटलं, तिकीट नाही म्हणून गोंदियाला उतरवतील, दोन दिवसांत परत येईल. खिडकीतून कागदाची टोपी दूरवर दिसत राहिली. पुढं मी चौकशी केली. त्या गाडीतून असा माणूस कुठल्याच स्टेशनावर उतरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पाच नोव्हेंबरला रेडिओवर निकाल लागला. जनरलसाहेब भरघोस मतांनी आले. मी अहवालात लिहिलं की कोसमटोल्याचा कौल आणि अमेरिकेचा कौल एकच निघाला, यावरून ग्रामीण जनतेची राजकीय जाण दिसून येते. वरून शाबासकी आली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेपरात बातमी होती. निवडून आलेले जनरलसाहेब गुपचूप कोरियाला जाऊन आले. दिलेलं वचन पाळणारा पुढारी म्हणून कचेरीत त्यांची वाहवा झाली. मी मान खाली घालून टपाल फोडत राहिलो.

जानेवारीत पाटलांचा सांगावा आला. सुकलूचं पत्र आलंय, रुखमा ते गुरुजींना वाचू देत नाही. ज्यानं बोल सांगून देल्ला त्यानंच वाचावं, म्हणते.

मी मोहाखाली उभं राहून वाचलं. तारीख चार डिसेंबर. एक ओळ काळ्या शाईनं खोडलेली होती, कुठल्याशा टेकडीचं नाव असावं. बाकीच्या मजकुरात लष्कराच्या सेन्सॉरला आक्षेपार्ह काही आढळलं नव्हतं.

"आई, मी बरा आहे. थंडी इतकी की पेल्यातला चहा गोठते. परवा मुखरूकाका आला होता. अंगावर धोतर, डोक्यावर कागदाची टोपी. पायाले आपल्या बांधीतला चिखल, ओलाच. मी म्हनलं काका, तू इथी कसा? तो म्हनला, निवडून आलो. मी लय हासलो. त्याले चहा देल्ला तर पेला धरून नुसता बसला. मंग जखमी आनायची वेळ झाली. माहा जोडीदार आजारी, त्याच्या जागी काकानं स्ट्रेचर धरलं. मी सदा पुढं रायतो. तो म्हनला, आज तू मांगं हो. आमी निंघालो. गोळा पडला. स्ट्रेचरचं पुढचं टोक रायलं नाई. मांगचं माह्या हातात होतं. साहेबानं पुसलं, पुढं कोन होतं? म्या सांगितलं, आमच्या गावचा. त्यायच्या कागदात तसं नाव नाई."

कुणी रडलं नाही. रुखमानं पत्र घेतलं, घडी केली, पदरात बांधलं. कोलू माझ्या शेजारी उभा होता. त्याचा उमेदवार पडला होता, त्यामुळे त्याच्यावर कसलंच ओझं नव्हतं. खरं तर सोसल्याशिवाय काही मिळत नाही हे त्याचं वचन गावात रोजच्या रोज पाळलं जात होतं. पण त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

दोन माणसांनी ओळीच्या टोकाला नवा दगड मांडला. मग पाटील म्हणाले, "मुखरूचं काय रायलं असंल, तर कोनाले माहीत आहे?"

कुणाला माहीत नव्हतं. ते गाडीत झालेलं बोलणं होतं. गाडीवान पुढं होता, घुंगरं वाजत होती. मी गप्प राहू शकलो असतो. शासकीय सेवेत सोळा वर्षं काढलेल्या माणसाला ते अवघड नसतं. पण रुखमा माझ्याकडे पाहत होती, आणि पाटलांनी कुणाचीही वाट न पाहता माझ्या वहाणांकडे बोट केलं.

मी त्या काढल्या. जमीन भर दुपारीही गार होती.

"सुकलू परत येईल तेव्हा वडशाच्या स्टेशनावर मी उभा राहीन," मी म्हणालो. "गावापर्यंत मी त्याला घेऊन येईन."

माझा आवाज मला ओळखीचा वाटला नाही. दंडारीत सोंगाड्या लांबवतो तसा शेवटचा शब्द लांबला होता.

पुढल्या वर्षी मला जबलपूरची बढती आली. मी नाकारली. कारण विचारलं तर प्रकृती सांगितली. लढाई थांबली, तहाची बातमी आली, युद्धकैद्यांच्या अदलाबदलीची भांडणं मिटली, आणि चौपन्नच्या उन्हाळ्याच्या तोंडी सुकलूची तार आली.

वडशाच्या फलाटावर मी गाडीच्या वेळेच्या तासभर आधी उभा होतो. सुकलू उतरला. उंच, काळवंडलेला, फौजी कोट. मला तो ओळखत नव्हता, तरी सरळ माझ्याकडेच आला आणि कोटाच्या आतून एक चपटं पाकीट काढलं. त्यात कागदाची टोपी होती. निळ्या पेन्सिलीचा हत्ती, आतल्या घडीत नागपूरच्या पेपराची तारीख. एका कडेला जळाल्याचा डाग.

"काका म्हनला होता, वडशाच्या टेशनावर जो उभा असंल, त्याले दे."

मी ती डोक्यावर ठेवली. बसली.

बैलगाडी ठरवलेली होती, पण त्याला पायी जायचं होतं. बांध्या संपल्या, रान लागलं. वाट एका माणसापुरती. वाट दाखवायला आलेला मी, म्हणून पुढं झालो. दहा पावलं गेलो असेन, इतक्यात त्यानं मागून माझा दंड धरला. घट्ट.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी मांगं चाला. पुढं मी रायतो."