वगळलेली टेस्ट

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण प्रोग्राम तपासणारी एखादी टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास झाली, की ते नव्या पोरांना प्रवचन झोडायचे, "कोड सुधारा रे, टेस्टचं तोंड दाबू नका!" आणि दाबलं कोणी? याच मास्तरांनी.

झालं असं की दवाखान्यांत पेशंटांचे नंबर लावणारा त्यांचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता, तिची नवी आवृत्ती आली. मास्तरांनी ती चढवली आणि निम्म्या टेस्ट लाल झाल्या. बाकीच्या त्यांनी निस्तरल्या, एक मात्र काही केल्या ऐकेना. एकाच वेळेच्या पेशंटांत जो आधी आला त्याला आधी बोलवलं जातं की नाही, एवढंच ती तपासायची. जुनी आवृत्ती हा क्रम न सांगता सांभाळत होती, नवी सांभाळेना. दुसऱ्या दिवशी काम पोचतं करायचं होतं. मास्तर वैतागले, त्या टेस्टवर 'वगळा' अशी खूण केली, स्क्रीन हिरवीगार झाली आणि स्वारी घरी गेली. नंतर बघू म्हणाले. नंतर कोण बघतंय!

पुढच्या आठवड्यात ते आईला डोळ्यांच्या दवाखान्यातून आणायला गेले, तर सकाळची आलेली आई अजून बाकावरच. काउंटरवरच्या मुलीला लोकांनी फैलावर घेतलं होतं, आणि त्यात आईचा आवाज सगळ्यात वरचा.

"मागून आलेले आत जातात कसे? ओळखीच्यांना सोडतेस ना?"

"आजी, स्क्रीनवर जे नाव येतं तेच मी पुकारते हो," मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"रोज तक्रारी येतायत तुझ्या," शेजारी उभा असलेला मॅनेजर म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."

काय बिघडलंय ते मास्तरांना तिथल्या तिथे कळलं. गप्प बसावं, उद्या गुपचूप दुरुस्त करावं, कुणाला काय कळतंय, असंही मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना जास्तच लाज वाटली.

तेवढ्यात आईचं लक्ष गेलं. "हा बघा माझा मुलगा! हे सगळं यानेच बनवलंय. याचं काम कधी चुकायचं नाही. सांग रे यांना."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मास्तरांना आईच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघवेना.

"चुकलंय," ते म्हणाले. "माझंच चुकलंय. मला आधीच दिसलं होतं, मी झाकून ठेवलं. हिचा काही दोष नाही."

आई काउंटरपाशी गेली आणि त्या मुलीचा हात हातात घेतला.

"सकाळपासून मीच तुला जास्त बोलले गं. माझं चुकलं."

मग ती परत येऊन बाकावर बसली. शेजारच्या मोकळ्या जागेवर तिने आपली पिशवी ठेवली.

"तू जा," ती मास्तरांकडे न बघता म्हणाली. "माझा नंबर लागला की माझी मी येईन."