डाव्या हाताची बैठक

“उसवा बाई, बिनधास्त उसवा! ही बैठक मुळातली नाहीच,” चष्म्याची काडी चावत बेर्ताकिनी म्हणाले. जुन्या गाड्या अस्सल की नक्कल, याचा दाखला देणारे इटलीतल्या मोदेना शहरातले हे बडे तज्ज्ञ. त्यांनी मान हलवली की लोकांची झोप उडायची.

झेलिंदा हातात चामडं टोचायची आरी घेऊन लाल गाडीच्या उघड्या दाराशी वाकली होती. बाहत्तर वर्षांची बाई. ही गाडी ज्या कारखान्यात बनली, तिथंच तिनं एकतीस वर्षं चामडी बैठका शिवल्या. म्हणून तर तिला या गॅरेजात बोलावलं होतं. जगात असल्या गाड्या मोजून एकोणचाळीस आणि ही शेवटची. मालक कास्तेल्ली मिलानचा. हिच्यासाठी तो अकरा वर्षं टपून बसला होता, आणि गाडी हाती येते न येते तोच बेर्ताकिनींनी नाक मुरडलं.

“शेजारची बैठक बघा. टाके उजवीकडे कलतात. बाकीच्या अडतीस गाड्यांतही तसेच. आणि ड्रायव्हरची? चक्क डावीकडे! नंतर कुणीतरी बदललीय.”

“माझं हसं होईल हो,” कास्तेल्ली रडवेला झाला. “परवा प्रदर्शन आहे. सगळे जमणार, भिंग घेऊन.”

झेलिंदानं टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि तो जागीच अडला. आईच्यान, ही तर तिचीच शिवण!

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एकतीस जानेवारी, मोदेनाच्या संत जेमिनियानोचा उत्सव. अख्खा कारखाना जत्रेला पळालेला आणि गाडी दुसऱ्या दिवशी जायची, म्हणून ती एकटीच मागे राहिलेली. मुकादम ओर्फेओचा नियम कडक होता: सगळ्यांनी उजव्या हातानंच शिवायचं, म्हणजे प्रत्येक बैठक एकाच माणसानं केल्यासारखी दिसते. झेलिंदा जन्माची डावखुरी. पण शाळेत नन्सनी तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवलेला, त्यामुळे उजवा सुधारला होता. सुधारला म्हणजे काय, सांगकाम्यासारखा राबत होता. त्या दिवशी बघायला कुणी नव्हतं. “चल रे, आज तुझाही सण,” असं डाव्या हाताला म्हणून तिनं सुई त्याच्याकडे दिली. दुपारपर्यंत बैठक तयार! आयुष्यात इतकं गात गात तिनं कधीच शिवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्फेओनं टाके पाहिले, डोळे वटारले, आणि म्हणाला, “जाऊ दे गाडी. पुन्हा केलंस तर याच गाडीखाली घालीन.”

आता गप्प राहिलं तर कुणाला पत्ताही लागला नसता. बोललं तर एकतीस वर्षांचं नाव मातीत, आणि बिचाऱ्या ओर्फेओचंही.

कोपऱ्यात स्टुलावर तिचा नवरा प्रीमो मोर्तादेला सॉसेजचे काप घातलेला पाव खात बसला होता. “काय गं, आरी गंजली का?” त्यानं विचारलं.

“मी उसवणार नाही,” झेलिंदा म्हणाली. “ही मी शिवलीय. डाव्या हातानं. नियम मोडून.”

बेर्ताकिनी हसले. “बाई, असं कुणीही म्हणेल!”

“मग द्या चामड्याचा तुकडा.”

तिनं दोऱ्याला मेण चोळलं आणि सुई डाव्या हातात घेतली. पहिला टाका चाचपडत पडला, दुसराही. मग हाताला वाट सापडली. आठ टाके झाल्यावर तिनं तुकडा बैठकीशेजारी ठेवला. बेर्ताकिनी भिंग लावून वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

“तीच,” शेवटी ते पुटपुटले. “तीच बोटं.”

“म्हणजे एकोणचाळीसांत अशी एकटी माझीच!” कास्तेल्लीनं उडी मारली, झेलिंदाचे दोन्ही गाल चुंबले आणि चुकून बेर्ताकिनींचेही.

प्रीमोच्या हातातला पाव तसाच राहिला. “पंचेचाळीस वर्षं संसार केला आणि हे मला आज कळतंय? आणखी काय काय लपवलंयस?”

“पास्त्यावरचा रागू सॉस मी तुझ्या आईच्या पद्धतीनं कधीच केला नाही. खातोस तो माझ्या आईचा.”

“अरे देवा! आणि मी दर रविवारी आईचं नाव घेत बोटं चाटतोय!”

सगळे इतके हसले की गॅरेजातले मेकॅनिक हातातली कामं टाकून बघायला आले. झेलिंदाचे डोळे भरून आले होते, ते हसण्यानं की कशानं, तिचं तिलाच कळेना.

बेर्ताकिनींनी तिचा जबाब लिहिला आणि कागद पुढे केला. झेलिंदानं पेन सवयीनं उजव्या हातात घेतलं, क्षणभर थांबली, मग डाव्यात घेतलं. पहिलीतल्या पोरीसारखी तिची जीभ ओठांबाहेर आली. अक्षरं चढत, उतरत, एकमेकांना धक्के देत कशीबशी ओळीच्या शेवटी पोचली.

“ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही ही,” बेर्ताकिनी हळूच म्हणाले.

“कशी जुळेल? ती नन्सनी शिकवलेली. ही माझी.”

शाई वाळेपर्यंत बेर्ताकिनींनी तो कागद दोन्ही हातांनी सपाट धरून ठेवला.