थांबण्याचं पान

"जेवढी पळवलीस तेवढी निवू दे. निवल्याशिवाय पुन्हा पळवायची नाही, कळलं?"

हा आवाज अक्कांचा. अक्का म्हणजे आमच्या गॅरेजच्या मालकीण, आणि मिस्त्रीही त्याच. आपल्या धाकट्या भावाला त्या हे दर वेळी बजावायच्या आणि धाकटाही दर वेळी म्हणायचा, "कळलं गं बाई, पाठ झालं." मित्रांनो, पाठ झालेलं सगळं पाळलं जातंच असं नाही. एका दुपारी ते मला कळलं.

मी एक जुनी डबी आहे. गाडीची पिकअप मोजणारी. काडेपेटीहून जराशी मोठी, पाठीला रबराची वाटी, तोंडावर बोटभर पडदा. मला समोरच्या काचेवर चिकटवायचं, गाडी अगदी स्तब्ध झाली की बटण दाबायचं आणि मग गाडी सोडायची. माझ्या पोटात तिळाहून लहान असा एक कण आहे. गाडी झेपावली की तो मागे रेलतो, ब्रेक लागला की पुढे झुकतो. त्याच्या त्या हेलकाव्यावरून मी सांगते, की उभ्या गाडीने शंभराचा वेग किती सेकंदांत गाठला. तो आकडा माझ्या पहिल्या पानावर येतो. दुसऱ्या पानावर असतं थांबणं. ब्रेक दाबल्यावर गाडी आणखी किती लांब गेली ते, प्रत्येक फेरीचं, एकाखाली एक.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत झाला. तिथल्या एका बाईने मला काचेच्या टेबलावर ठेवलं, हलकेच इकडे तिकडे कलतं केलं आणि पुटपुटली, "खरं बोलतेस ना गं?" मी खरं बोलले. तिने मला खोक्यात घातलं आणि पुढचीला उचललं.

मोठ्या वर्कशॉपमध्ये या कामासाठी खोलीभर यंत्र असतं. ते अक्कांना कुठलं परवडायला? त्यांनी मला आणलं. इंजिनाचं काम झालं की गॅरेजात एकच प्रश्न असायचा, "डबी काय म्हणते?" मी म्हणेन ते खरं. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की अक्का नुसतं माझ्याकडे बोट दाखवायच्या. किती फुशारायची मी तेव्हा!

मग हेच काम मोबाइल करू लागला. मी पान्यांच्या खणात गेले. माझं रबर कडक झालं, पडद्यावर ग्रीसचा थर बसला. कुणी विचारेना. काही दिवसांनी मीही वाट बघायचं सोडून दिलं.

त्या दुपारी अक्का सामान आणायला गेल्या होत्या. धाकट्याचा मोबाइल उन्हात तापून बंद पडला, म्हणून त्याने मला खणातून काढलं, रबराची वाटी जिभेने ओली केली आणि काचेवर थापली. गाडी एका गिऱ्हाइकाची होती. पिकअप वाढवून हवी होती त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आणि दोन मुलांना घेऊन तो घाटाने जाणार होता. काम कुठवर आलंय ते बघायला त्याचे सासरेबुवा आले होते. तेच शेजारच्या सीटवर बसले.

गोदामांच्या मागे एक सरळ, बंद रस्ता आहे. त्याच्या टोकाला नाल्याचा कठडा. तिथे पहिली फेरी झाली.

"साडेनऊ," धाकटा म्हणाला.

"आणि जावई तर म्हणत होते, नऊच्या आत येणार!" सासरेबुवा हसले. "त्यांचं असंच. लग्नाआधीही फार बढाया मारायचे."

"आजोबा, गाडीची चूक नाही. परत बघा."

"बघतो की. आमच्या वेळी नऊ सेकंदांत गाडी सुरूसुद्धा होत नसे."

धाकट्याला ते लागलं. त्याने पुन्हा गाडी सोडली, टोकाला करकचून थांबवली, वळवली आणि लगेच पुन्हा सोडली. मध्ये निवू देणं नाही, की एक संथ चक्कर नाही. पहिलं पान बघायचा आणि चुकचुकायचा. दुसरं पान त्याने उलटलंच नाही. आणि त्या पानावर, मित्रांनो, थांबण्याची लांबी फेरीगणिक वाढत होती. माझा कण ब्रेकला पूर्वीसारखा झुकत नव्हता. मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

"काही करपतंय का हो?" सासरेबुवांनी नाक वर केलं.

"नवीन रंगाचा वास असेल. ही शेवटची."

गाडी सुटली. "आठ पॉइंट नऊ!" धाकटा ओरडला आणि त्याने ब्रेकवर पाय दिला.

पाय थेट तळाला गेला.

कण हललासुद्धा नाही. कठडा काचेत मोठा मोठा होत आला. धाकट्याने हँडब्रेक ओढला, गिअर खाली पाडला, इंजिन रडलं. आणि त्या गोंगाटात, ओठांतल्या ओठांत तो म्हणाला, "देवा, एवढी थांबू दे. सगळं खरं सांगेन, लपवणार नाही." ते फक्त मी ऐकलं. आणि ज्याने ऐकायचं, त्याने.

गाडी थांबली तेव्हा कठडा हातभर अंतरावर होता.

सासरेबुवा कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "मी गाडीत होतो हे जावयांना सांगू नका हं. लेक मला पुन्हा घराबाहेर पडू द्यायची नाही."

थोड्या वेळाने धाकट्याने पेडल दाबून पाहिलं. ते घट्ट लागलं, काही घडलंच नाही असं. मला खरी धडकी भरली ती तेव्हा. निवलेला ब्रेक शहाण्यासारखा वागतो. पुन्हा तापला की दगा देतो. आणि घाटाच्या उतारावर तो तापणारच.

गाडी रांगत गॅरेजात आली. सासरेबुवा मुकाट्याने घरी गेले. दिवे लागायच्या सुमाराला अक्का परतल्या.

"झाली का रे? सकाळी यायचेत ते न्यायला." त्यांनी गाडीच्या दारातूनच वाकून पेडल हाताने दाबलं. "ब्रेक बरा लागतोय."

"हं," धाकटा म्हणाला.

अक्का हात धुवायला मागे गेल्या. धाकटा गाडीत येऊन बसला. पहिल्यांदाच त्याने माझं दुसरं पान उलटलं. आकडे वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. मग त्याचं बोट पुसायच्या बटणावर आलं. एकदा दाबलं की सगळं साफ. कुणाला कळणार? मला त्या गाडीची मागची सीट दिसत होती. तिच्यावर मुलांच्या बुटांचे मातकट ठसे होते. माझ्या जन्मात मी एवढी भ्याले नव्हते, कठड्यापाशीसुद्धा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या स्वस्त डबीची एकच विनवणी आहे. पळण्याचा आकडा सगळेच बघतात, कौतुकानं चारचौघांत सांगतात. तुम्ही थांबण्याचंही पान उलटा. आणि भीतीपोटी दिलेला शब्द भीती गेल्यावरही तेवढाच जड असतो. तो हलका समजू नका.

धाकट्याने बोट उचललं. मला काचेवरून सोडवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. गाडीची किल्ली त्याने अक्कांच्या ओल्या हातात दिली.

"ही कुणाला देऊ नकोस. त्यांनी मागितली तरी."

"म्हणजे? का रे?"

"ब्रेक गेलाय. माझ्या हातून. आल्यावर सांगतो."

"अरे, निघालास कुठे? फोन कर त्यांना!"

"नको. समोर उभं राहूनच सांगायचंय."

अक्कांनी किल्ली कमरेला खोचली आणि वाटेतली बादली बाजूला ओढली.

तो रस्त्याला लागला. त्याची छाती माझ्या पाठीवर धडधडत होती. गिऱ्हाइकाच्या गल्लीच्या तोंडाशी तो एकदा थांबला. मग माझा कण हळूच मागे रेलला. तो पुढे निघाला होता.