कठाणीचा सांड

नाल्यात उतरल्यावर भुऱ्या थांबला आणि पाणी पिऊ लागला. पोचूनं कासरा ढिला सोडला आणि तोही काठावरच्या दगडावर टेकला. घाई करण्यात अर्थ नव्हता. सांडाला पाण्यावरून ओढलं की पुढची सगळी वाट तो रुसून चालतो. शिवाय पूस महिन्यातलं ऊन अंगाला बरं वाटत होतं. धान कापून झालेल्या बांध्यांत लाखोळी फुलली होती आणि नाल्यापलीकडून जंगल सुरू होत होतं.

मागून मोटारसायकलचा आवाज आला. विनोद होता. गावोगाव फिरून गाईंना रेतनाचं इंजेक्शन देण्याचं काम तो करायचा. चांगला पोरगा होता. पोचूला पाहिलं की थांबायचा, तंबाखूचा खर्रा पुढं करायचा. आजही थांबला. कोसमटोल्याच्या वाटेवर वाघीण पिलं घेऊन फिरते आहे, वनरक्षकानं लोकांना एकट्यानं जाऊ नका म्हणून सांगितलं आहे, असं त्यानं सांगितलं. मग सांडाकडं पाहत विचारलं, "कोनाकडं चालले, पोचूभाऊ?"

"बायनाबाईकडं. गाय माजावर आली म्हनते. सकारीच फोन आला."

विनोद हसला. मला एक फोन केला असता तर मीच जाऊन आलो असतो, म्हणाला.

"तिची गाय कठाणी हाय," पोचू म्हणाला.

"आता कठाणीचं पन इंजेक्शन येनार आहे भाऊ. सांड घेऊन रान तुडवाची गरज नाई राह्यनार."

पोचू दगडावरून उठला. भुऱ्यानं मान वर केली, ओठांवरून पाणी गाळलं आणि आपणहून चालू लागला. पोचू त्याच्यामागं निघाला.

आरमोरीच्या अलीकडं पलीकडं पोचूला ओळखत नाही असा गाय-बैलवाला सापडला नसता. लोक त्याला कठाणीचा वकील म्हणायचे. कठाणी ही या भागातली गाय. नदीच्या नावावरून तिचं नाव पडलं म्हणतात. अंगानं लहान, रंगानं बहुतेक पांढरी, दूध म्हणाल तर घरच्या पोरांपुरतं. बाहेरचा माणूस तिच्याकडं दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. पण पोचू बाजारात कोणी जनावरांच्या दावणीजवळ रेंगाळताना दिसला की त्याच्याशेजारी जाऊन उभा राहायचा आणि सांगू लागायचा. हिचं खूर पाहा, कसं घट्ट आणि बारीक आहे. बांधीतल्या चिखलात रुतत नाही. नुसत्या धानाच्या तणसावर अन् रानातल्या चाऱ्यावर राहते. मे महिन्यात जर्सी धापा टाकते तेव्हा ही उन्हात चरत असते. डॉक्टर लागत नाही. रानात विते आणि संध्याकाळी वासरू सोबत घेऊन घरी येते.

हे वेड त्याला तरुणपणी लागलं. त्याच्या मोठ्या भावानं दूरच्या बाजारातून एक उंच, देखणी बैलजोडी आणली होती. सगळं गाव पाहायला आलं. रोवणीच्या दिवसांत चिखलणीला ती जोडी बांधीत उतरली आणि पोटापर्यंत रुतली. लाकडी बल्ल्या घालून, दहा जणांनी जोर लावून तिला बाहेर काढावं लागलं. शेजारच्या बांधीत पोचूची ठेंगणी कठाणी जोडी चिखलातून चालत होती, जशी अंगणातून चालावी. त्या संध्याकाळी लोक भावाच्या घरी न जाता पोचूच्या दारात येऊन बसले. बैलाबद्दल विचारू लागले. पोचू जन्माचा मुखदुर्बळ. चार लोकांत त्याला कधी शब्द सुचला नव्हता. त्या दिवशी तो बोलत राहिला आणि लोक ऐकत राहिले. बायको, इंदू, दारातून पाहत होती. तिनंही त्याला इतकं बोलताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

इंदू गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. मुलगी दीपिका बल्लारपूरला दिलेली. ती फोनवर दर वेळी म्हणायची, बाबा, तो सांड विका अन् इथी या. पोचू म्हणायचा, पाहू.

सांड विकून चालणार नव्हतं. आधी पंचक्रोशीत कठाणीचे आठ-दहा सांड होते. ट्रॅक्टर आले, बैलांचं काम संपलं. बैलांचं काम संपलं म्हणून गोऱ्हे कोणी ठेवीना. दुधासाठी लोकांनी संकरित गाई घेतल्या. मग एके वर्षी सरकारदरबारी कठाणीची वेगळी जात म्हणून नोंद झाली. नागपूरकडून माणसं आली. त्यांनी भुऱ्याची शिंगं मोजली, पाठ मोजली, फोटो काढले. ग्रामपंचायतीनं पोचूला शाल आणि नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या वर्षी भुऱ्याला बोलावणारी घरं आणखी दोन कमी झाली.

शेवटी एक घर उरलं होतं. कोसमटोल्याची बायनाबाई.

बायनाबाई तरुणपणीच विधवा झालेली. एक मुलगा, अंकुश. थोडी शेती, मोहाचे दिवस आले की मोहफुलं, तेंदूपत्त्याचे दिवस आले की पानं, आणि दारात एक कठाणी गाय. आधीची म्हातारी होऊन मेली तेव्हा तिचीच कालवड मोगरी दावणीला होती. सांड आणायचा म्हणून पोचू तिथं पहिल्यांदा गेला त्याला आता किती वर्षं झाली, त्यानं मोजली नव्हती. वर्षा-दीड वर्षातून एकदा बोलावणं यायचं. तो सकाळी निघायचा, दुपारी पोचायचा. ती जेवू घालायची. गाईबद्दल बोलणं व्हायचं. उन्हं उतरायच्या आत तो परत फिरायचा. मग काही महिन्यांनी गाय व्याल्याचा निरोप यायचा आणि तो वासरू पाहायला म्हणून एकदा जाऊन यायचा. इतकंच. पण त्या दोन दिवसांसाठी पोचू दाढी करायचा, धुतलेलं बंडीधोतर घालायचा, आणि आपण असं का करतो हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

वाटेत वाघीण दिसली नाही. तिची ताजी पावलं मात्र वाळूत दिसली. भुऱ्यानं नाक फुरफुरलं आणि पोचूच्या अंगाला अंग लावून चालला.

कोसमटोल्यात पोचला तेव्हा बायनाबाई अंगणात उभी होती. मोगरी खुंट्याभोवती फिरत हंबरत होती. भुऱ्याला तिनं आधी पाणी दाखवलं, मग गाय सोडली. पोचू कासरा धरून उभा राहिला आणि ती घरात निघून गेली. दर वेळी ती असंच करायची. काम उरकल्यावर त्यानं भुऱ्याला बोरीच्या झाडाला बांधलं, हातपाय धुतले आणि ओसरीवर बसला.

तिनं भात आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी वाढली. आज भाजीत तिखट कमी होतं. त्याला अलीकडं तिखट सोसत नाही हे त्यानं मागच्या वेळी सहज सांगितलं होतं. जेवताना त्याला घरात काहीतरी वेगळं वाटलं. भिंतीवरचा आरसा नव्हता. कोपऱ्यात गोणी बांधून ठेवलेल्या होत्या.

मग तिनं सांगितलं. अंकुशला मोहर्लीला वाघ पाहायला येणाऱ्यांच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी लागून चार वर्षं झाली होती, हे पोचूला माहीत होतं. आता त्याची बायको रीताही तिथंच कामाला लागली होती आणि लहान लेकराला पाहायला कोणी नव्हतं. अंकुश दोन-तीनदा येऊन गेला. शेती बटईनं कसायला दिली. उद्या तो आईला न्यायला गाडी घेऊन येणार होता.

"तिथी गाय नाई ठेवता येत," ती म्हणाली. "एक खोली आहे. बाहेर सगळी जिप्सीच्या गाड्याची लाइन."

पोचूनं मान हलवली. नातवाला पाहायलाच पाहिजे, असं काहीतरी तो म्हणाला.

"मोगरीले तुमी घेऊन जा."

त्यानं ताटावरून मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"दुसऱ्याले देली असती तर त्यानं बाजारात नेली असती. अन् रिकाम्या पोटानं पाठवाचं मन नाई झालं. मनून थांबली होती मी. अंकुश मागच्याच हप्त्यात न्याले आलता. मी म्हनलं, गाय माजावर येऊ दे."

बाहेर भुऱ्या तणीस खात होता. जन्मभर पोचूनं लोकांना ही जात का ठेवायची ते सांगितलं होतं. कोणी का ठेवली आहे, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. विचारायला आता माणूसही एकच उरलं होतं.

"एक विचारू का, बायनाबाई? गावात साऱ्याईनं जर्सी घेतली. तुमाले बी योजनेत भेटत होती. तुमी कठाणीच काऊन ठेवली?"

ती ताट उचलता उचलता थांबली. त्याच्याकडं न पाहता बोलली.

"जर्सी घेतली असती तर मोटारसायकलवाला आला असता, पोचूभाऊ. तुमी कायले आले असते?"

आणि ताट घेऊन आत गेली.

पोचू ओसरीवर बसून राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तोंडात शब्द आले ते खुरांचे आले, चिखलाचे आले, उन्हाळ्याचे आले. आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता. आवाज थांबला तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, उन्हं कलली, निघा आता, वाट चांगली नाही.

मोगरी निघेना. अंगणाच्या कडेला जाऊन अडून बसली. पोचूनं ओढलं, थोपटलं, भुऱ्याला पुढं काढून पाहिलं. शेवटी बायनाबाईनं दाव्याला हात घातला आणि ती पुढं चालू लागली. गाय मुकाट तिच्यामागं निघाली. अशी बायनाबाई गाव ओलांडून, बोडीच्या तळ्याच्या पाळीवरून, जंगलाच्या तोंडापर्यंत आली. आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं एका वाटेनं बरोबर चालले होते. मोहाच्या झाडाखाली तिनं दावं त्याच्या हातात दिलं, मोगरीच्या कपाळावरून हात फिरवला आणि वळली. गाय हंबरली तरी तिनं मागं पाहिलं नाही. पोचूनंही पाहिलं नाही.

मोगरी आश्विनात व्याली. कालवड झाली, पांढरी, कपाळावर तांबूस छटा. पोचूनं शेजारच्या पोराकडून फोन लावून घेतला. बायनाबाईनं खूप विचारलं. उभी राहिली का, दूध ओढते का, गाईनं वार टाकली का. मागं लेकरू रडत होतं आणि कोणीतरी तिला हाक मारत होतं. दिवाळीनंतर पाहाले येईन, ती म्हणाली. पोचू म्हणाला, या ना.

दिवाळी झाली. धान कापून झालं. बायनाबाई आली नाही. एकदा फोन केला तेव्हा अंकुशनं उचलला, आई झोपली आहे म्हणाला. पोचूनं पुन्हा केला नाही. वासरू मोठं झालं एवढं सांगायला तरी किती वेळा फोन करायचा.

पुन्हा पूस लागला. एका सकाळी पोचूनं दाढी केली, धुतलेली बंडी घातली आणि भुऱ्याचा कासरा सोडला. नाला ओलांडून, जंगल ओलांडून तो कोसमटोल्यात पोचला. बायनाबाईच्या घराला कुलूप होतं. अंगणात तरोट्याचं तण वाळून उभं होतं. भुऱ्या नेहमीच्या जागी, बोरीखाली जाऊन उभा राहिला.

शेजारची कलाबाई कुंपणापाशी आली. सांड पाहून तिला नवल वाटलं.

"कोनाची गाय आली माजावर, भाऊ? इथी तं आता कठाणी कोनाकडंच नाई."

"नाई, कोनाची नाई," पोचू म्हणाला. "सांडाचे पाय मोकळे कराले आनलं."

कलाबाईनं तो आलेल्या रानाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. घरातून बादली आणून दिली. पोचूनं हापशीवर ती भरली, भुऱ्यापुढं ठेवली आणि बंद दाराच्या ओसरीवर जाऊन बसला. सांड सावकाश पाणी प्याला. बादली रिकामी झाल्यावरही पोचू उठला नाही. उन्हं ओसरीवरून उतरून अंगणात गेली तेव्हा त्यानं बादली धुतली, उपडी करून कुंपणाला टेकवून ठेवली, आणि उजेड आहे तोवर जंगल ओलांडायचं म्हणून सांडाला घेऊन निघाला.