उकिरड्याचा दावा

शेजारच्या ग्रेगरी हास्कचा उकिरडा आपल्या खिडकीखाली आहे, अशी फिर्याद थॉमसिन प्र्यूएटने आमच्या डेव्हनमधल्या जहागिरीच्या कोर्टात केली. आम्ही पंचांनी उकिरडा हलवायला सांगितलं. ग्रेगरीने तो निमूट उचलून आपल्या कोबीच्या वाफ्यात पसरला.

पुढच्या कोर्टाला थॉमसिन पुन्हा हजर!

"आता काय, बाई?" कोर्ट चालवणाऱ्या जहागिरीच्या कारभाऱ्यांनी विचारलं.

"यानं माझं शेण चोरलं! माझी गाय रोज तिथंच उभी असायची."

"म्हणजे घाण तुझ्याच गाईची?" ग्रेगरी ओरडला.

"घाण तुझी रे मेल्या! खत माझं!"

आम्हाला हसू आवरेना. निम्मे कोबी थॉमसिनला द्यावेत, असं आम्ही ठरवलं. ग्रेगरी लगेच कबूल झाला. त्याची अट एकच होती: गाय येत राहिली पाहिजे.