न विचारता दिलेलं औषध

सोमवारी सकाळी मनोविकार विभागाच्या शिक्षकांची बैठक नेहमीसारखीच सुरू झाली. चहा आला, कुणीतरी पंखा वाढवला. विद्यार्थ्यांना सगळ्यांनी एकच पद्धत शिकवावी म्हणून विभागप्रमुखांना एकमत हवं होतं. बरेच मुद्दे नुसत्या माना हलवून निघून गेले. मग आला तो जुना रिवाज : रुग्ण औषध घेत नसेल, तर घरच्यांनी ते खाण्यापिण्यात गुपचूप मिसळावं.

"यात काय बोलायचंय?" सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले. विभागात सगळे त्यांना दादा म्हणत. "घरचे हातापाया पडतात. त्यांना काय वाऱ्यावर सोडायचं?"

"ती शाळेतली बाई शनिवारी गेली," तरुण अधिव्याख्याती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

"कोण बाई?"

"तुमचीच रुग्ण, दादा. शेजारी पाळत ठेवतात असं तिला वाटायचं. तुम्ही नवऱ्याला थेंब लिहून दिलेत. तो ते दुधात घालायचा. एकदा तिनं पाहिलं. त्यानंतर कुणाच्याच हातचं खाल्लं नाही. वॉर्डात आणली तेव्हा नुसती हाडं उरली होती. अन्नासाठी नाकात घातलेली नळीही ओढून काढायची. मला म्हणाली, 'मला एकदा विचारलं असतं ना, तर कदाचित घेतलंही असतं.'"

विभागप्रमुखांनी घसा खाकरला. "हा मुद्दा पुढच्या वेळी घेऊ."

"घ्या. पण मी हे यापुढे शिकवणार नाही. एकमत झालं असं लिहायचं असेल, तर मला वगळा."

तिला राग आला नव्हता, रडूही नाही. शनिवारपासून आत काही हलतच नव्हतं.

दादा उठून बाहेर आले. बाकावर त्या बाईंचा नवरा कागदपत्रांसाठी थांबला होता. तो धडपडून उभा राहिला.

"डॉक्टर, मी तुम्ही सांगितलं तसंच केलं ना हो? थेंब जास्त तर नाही ना पडले माझ्याकडून?"

"नाही. तसंच केलंत." दादांनी त्याला पुन्हा बाकावर बसवलं. "सांगण्यातच चूक होती. माझी."

नवऱ्यानं नुसतीच मान डोलावली. "मुलगी विचारते, 'आईनं माझ्या हातचंसुद्धा का नाही खाल्लं?' काय सांगू तिला?"

दादा आत परतले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "पुढच्या वेळी नको. आत्ताच लिहा. गुपचूप औषध द्यायला शिकवायचं नाही. आधी रुग्णाला विचारायचं. नाही म्हणाला तर पुन्हा विचारायचं."

कुणी हरकत घेतली नाही. एकमत झालं. मग दादांनी बाईंच्या मुलीचा प्रश्नही सांगितला. त्या मुलीला काय सांगायचं, हे मात्र खोलीतल्या एकालाही सुचलं नाही.